बारका फ्रिज आणि लाल ठिपके

बिअरच्या त्या लहान फ्रिजला भोक मी पाडले. माझ्याच हाताने, माझ्याच स्क्रूड्रायव्हरने, भर दुपारी, घरात दुसरे कोणी नसताना. ही गोष्ट मी कित्येक वर्षे कोणालाही सांगितली नाही. तेवढ्या काळात आमच्या वसाहतीने एका सरळ माणसाला चोर ठरवले, आणि तो चोर नाही हे ठामपणे ठाऊक असलेला एकमेव माणूस मी होतो.

मी शहाद्याजवळच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो आणि कारखान्याच्याच वसाहतीत राहतो. उसाच्या रसाचे नमुने तपासायचे, त्यातली गोडी नोंदवायची, हे माझे काम. मी लिहिलेला आकडा सहसा कोणी पुन्हा पडताळत नाही. माझा आवाजही लहानपणापासून हळू आहे. त्यामुळे लोक मला विचार करून बोलणारा माणूस समजतात. हळू बोलणाऱ्याचे खोटे फार काळ टिकते, हे मी स्वतःवरून सांगू शकतो.

ज्याच्यावर आळ आला तो माझा साडू. माझ्या पत्नीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. लोणखेड्याच्या रस्त्याला त्याचे फ्रिज आणि कूलर दुरुस्तीचे दुकान आहे. आम्ही दोघे कळसाडीच्या एकाच घरचे जावई. त्या घरात अंडेसुद्धा शिजत नसे, मग बाकीच्या गोष्टींचे नावच नको. सणावाराला आम्ही दोघे जेवणानंतर कापसाच्या शेतातली हवा खायला म्हणून निघायचो आणि विहिरीवर जाऊन बसायचो. साडू पिशवीत बाटली घेऊन आलेला असे. ती पिशवी दोरीला बांधून आम्ही विहिरीच्या पाण्यात सोडायचो आणि गार होईपर्यंत काठावर गप्पा मारायचो. एकदा गाठ सुटली आणि पिशवी तळाला गेली. साडू बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला.

"दादा, हाई काय जिंदगी शे? जवाई माणूस आन् बिअर विहीरमा!"

"मंग काय करानं?" मी विचारले.

"तुम्हले एक फ्रिज करी देसू. बारका. कोनालेच समजाव नही."

आणि त्याने तो खरोखर करून दिला. शीतपेयांच्या एका दुकानातून टाकून दिलेले लहान कपाट त्याने उचलून आणले. त्याच्या काचेच्या दाराला आतून पांढरा पत्रा ठोकला, म्हणजे आतले बाहेर दिसू नये. त्यात कॉम्प्रेसर बसवला. त्याला तो मशीन म्हणत असे. हे मशीन त्याने नंदुरबारच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून आणले होते. जुने फ्रिज मोडून त्यांचे सुटे भाग विकणारा तो माणूस. साडू त्याच्याच हाताखाली हे काम शिकला होता आणि त्याला उस्ताद म्हणायचा.

मागच्या खोलीत, गव्हाच्या कोठीच्या आडोशाला, बारका फ्रिज उभा राहिला. माझी आई आमच्याकडेच राहते. तिने पहिल्याच दिवशी विचारले, "एक घरमा दोन फ्रिज कसाले?"

पत्नीने कणीक तिंबता तिंबता उत्तर दिले, "तुम्हना डोयाना थेंबसाठे, आई. ते थंड जागेवर ठेवनं पडतंस."

त्या दिवसापासून आईच्या डोळ्यांचे थेंब वरच्या फळीवर आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या माझ्या बाटल्या खालच्या फळीवर, अशी व्यवस्था झाली. आई शेजारणींना कौतुकाने सांगायची की, मुलाने माझ्या डोळ्यांसाठी वेगळा फ्रिज लावून दिला. ते ऐकताना मी खाली मान घालत असे. लोक त्यालाही विनय समजत.

साडूने फ्रिज देताना एकच गोष्ट बजावली होती. "बर्फले लोखंड लावू नका, दादा. काही चिटकं तं पानी टाका आन् थांबा."

थांबणे. एवढेच करायचे होते.

तो उन्हाळा होता. पत्नी आणि आई कळसाडीला एका बारशाला गेल्या होत्या. गळीत हंगाम संपलेला, प्रयोगशाळेत काम नव्हते, मी दुपारीच घरी आलो. वीज बराच वेळ गेलेली होती, बाटल्या कोमट झाल्या होत्या. वीज परत आल्यावर मी एक बाटली वरच्या बर्फाच्या कप्प्यात आडवी ठेवली आणि पंख्याखाली पडलो. डोळा लागला. उठून पाहतो तर बाटली कप्प्याच्या तळाला बर्फात रुतून बसलेली. मी ती हलवली, ओढली. तांब्याभर पाणी आणायला स्वयंपाकघर काही लांब नव्हते. पण हाताशी स्क्रूड्रायव्हर होता. मी त्याचे टोक बर्फात घातले आणि दाबले.

एक बारीक फुत्कार ऐकू आला. बोटांवर थंड वाफ आली, तेलकट वास आला. मी चटकन त्या जागेवर अंगठा ठेवला. फुत्कार अंगठ्याखालूनही चालू राहिला, मग मंदावला, मग थांबला. त्या कप्प्याच्या पत्र्यातूनच फिरणारा फ्रिजचा गॅस निघून गेला होता. बाटली मात्र अखंड होती, आणि हेही कबूल केले पाहिजे, की ती मी प्यायलो.

त्यानंतर मी जे केले ते घाईत केले नाही, म्हणून ते अधिक वाईट. गळक्या नळाला लावतात ती दोन रंगांची लांबी, म्हणजे पुटी, मी मळली, भोकावर बसवली, वाळू दिली. तिच्यावर कपाटाच्या पांढऱ्या रंगाचा हात फिरवला. काम इतके नीट झाले, की संध्याकाळी मलाही ती जागा शोधावी लागली.

खरे सांगितले असते तर काय झाले असते? साडू हसला असता. पुढच्या सणाला कळसाडीच्या विहिरीवर ती गोष्ट रंगवून सांगितली असती. मोठ्या जावयाने एका बाटलीसाठी फ्रिज फोडला, असे दोन-चार वर्षे चालले असते. सत्याची एवढीच शिक्षा होती, थोडे हसे होणे. तेवढेही मला सोसवले नसते, असे तेव्हा वाटले.

पत्नी परतल्यावर मी म्हणालो, "बारका फ्रिज थंड नही होस. आपोआपच बंद पडना."

दुसऱ्या दिवशी साडू आला. फ्रिज भिंतीपासून ओढून त्याच्या मागे उकिडवा बसला. दाढीच्या ब्रशने साबणाचा फेस करून त्याने स्वतः झाळलेल्या प्रत्येक सांध्यावर लावला. गॅस गळत असेल तर तिथे बुडबुडा येतो. बुडबुडा येत नव्हता. त्याने मान वर करून विचारले, "दादा, आतमा कोन्ही काही खुपसं नही ना?"

"नाही," मी म्हणालो. "आत कोणीही हात लावलेला नाही."

घरात आम्ही अहिराणी बोलतो. त्या क्षणी मात्र माझ्या तोंडून कार्यालयातली शुद्ध मराठी बाहेर पडली. साडूला त्यात काही वावगे वाटले नाही. त्याने मान डोलावली.

"मंग मन्हाच सांधा शे," तो म्हणाला.

त्याने शोध स्वतःच्या कामापासून सुरू केला आणि तिथेच संपवला. सगळे सांधे नव्याने झाळले, गॅस भरला. फ्रिज गार झाला, आणि काही दिवसांनी पुन्हा कोमट पडला. तो पुन्हा आला, पुन्हा सांधे झाळले, पुन्हा तेच. माझी लांबी थोडा दाब सोसत होती आणि मग हळूहळू सोडून देत होती.

आता मी जे लिहिणार आहे त्यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसणे कठीण आहे. माझा स्वतःचाही मोठ्या मुश्किलीने बसतो. भोक मी पाडले हे ठाऊक असूनही मला साडूचाच संशय येऊ लागला. माझ्या मनाने हिशेब असा मांडला की, भोक तर मी बुजवले आहे. ते पक्के बुजले आहे, कारण माझे काम नेहमी पक्के असते. अर्थात गॅस दुसरीकडूनच जात असला पाहिजे. किंवा पुरेसा भरलाच जात नसेल. किंवा हे मशीनच सडके असेल, आणि हा ते जाणूनबुजून लपवत असेल. एकदा ही वाट सापडल्यावर मी तिच्यावरून फार सहज चालत गेलो.

तो काम करायला बसला की मी खुर्ची घेऊन समोर बसू लागलो. त्याच्या पिशवीत काय येते, काय जाते, ते पाहू लागलो. तो पाठमोरा झाला की मी मान वाकडी करून त्याचे हात शोधत असे. त्याने विळखा घालून ठेवलेली तांब्याची नळी जाताना लहान झाली आहे का, याचा अंदाज घेत असे. त्याला वाटायचे, दादा सोबत म्हणून बसले आहेत. तो मला मधून मधून गमती सांगायचा. मी हसायचो आणि त्याच्या पिशवीकडे पाहायचो.

मग त्याने ठरवले की मशीनच बदलायचे. उस्तादाकडून त्याने दुसरे आणून बसवले. तो गेल्यावर माझ्या मनात आले, उद्या दुरुस्तीच्या निमित्ताने याने चांगले मशीन काढून नेले आणि भलतेच बसवले तर? प्रयोगशाळेत नमुन्याच्या बाटल्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून आम्ही खूण करतो. मी पत्नीची लाल नेलपॉलिश घेतली, फ्रिजमागे जमिनीवर आडवा झालो आणि मशीनच्या बुडाला एक ठिपका दिला.

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या. त्यांचे यजमान कारखान्यात बॉयलरवर आहेत. त्या दारातच थबकल्या.

"साहेब, हाई काय? मशीनले नखपालिश?"

मी उठून बसलो. "खूण करून ठेवतो," मी नेहमीच्या हळू आवाजात म्हणालो. "बदलाबदल व्हायला नको."

"कोन, तुम्हना साडू? घरनाच माणूस?"

मी फक्त नेलपॉलिशच्या बाटलीचे झाकण लावले. नाही म्हणायला हवे होते, तिथे मी झाकण फिरवत बसलो.

पुढच्या वेळी तो येऊन गेल्यावर मी पुन्हा जमिनीवर आडवा झालो. ठिपका जागच्या जागी होता. एवढ्यावर सगळे मिटायला हवे होते. पण मला वाटले, त्याने ठिपका पाहिला असेल आणि तसाच दुसरा लावला असेल. संशय घेणाऱ्याला पुरावा दिला तरी उपयोग होत नाही. तो पुराव्यालाही उलटा करून पाहतो.

आमच्या वसाहतीत बातमीला पाय लागत नाहीत. घराला घर लागून आहे, अंगणात अंगण मिसळले आहे. बोलणे फार झालेही नसेल. पण प्रयोगशाळेतला माणूस खूण करतो म्हणजे काहीतरी असेल, एवढे पुरे होते. बायकांनी आपापल्या फ्रिजमागे लाल ठिपके दिले. एकीने गुलाबी दिला, कारण तिच्याकडे लाल नव्हता.

साडू वसाहतीतल्या बहुतेक घरांचे काम करायचा. एका दुपारी तो आमच्याकडे हसतच आला.

"ताई, आखी वसाहतमा फ्रिजसले टिपका लायेल शेत! लगीन शे का त्यासनं?"

पत्नी हसली नाही. तिने चहा टाकला. साडू बारक्या फ्रिजमागे बसला, बॅटरी लावून खाली वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. मी नेहमीप्रमाणे खुर्चीत होतो.

"दादा, हाऊ टिपका कोन्ही लाया?"

"कुठला?" मी विचारले.

त्याने माझ्याकडे पाहिले. मग अंगठ्याने तो ठिपका घासला. वाळलेली नेलपॉलिश निघत नाही. त्याने अंगठा उलटून पाहिला, पुन्हा घासला. नंतर एकेक हत्यार पुसून पिशवीत ठेवले. पत्नी चहा घेऊन आली होती. तो उभा राहिला आणि म्हणाला, "नको ताई." समोर आलेला चहा आमच्याकडे कोणी परत करत नाही. पत्नी कपबशी हातात धरून दारापर्यंत त्याच्या मागे गेली आणि तशीच परत आली.

त्यानंतर तो वसाहतीत आला नाही. पत्नी आणि तिची बहीण यांचे फोनवरचे बोलणे आधी तुटक झाले आणि मग बंद पडले. बहिणीने म्हटले होते की, तुझ्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याला चोर केले. पत्नीने उत्तर दिले होते, "ते उगाच काही बोलतंस नही." कळसाडीला आम्ही दोघे जावई एकाच वेळी जाणे टाळू लागलो.

बारका फ्रिज मेला तो मेलाच. आईचे थेंब मोठ्या फ्रिजमध्ये गेले आणि बारक्यात कुरडया, पापड ठेवले जाऊ लागले. मी बिअर सोडली. लोकांनी त्याचेही कौतुक केले असते, पण ते कोणाला ठाऊक नव्हते. संशय मात्र सुटला नाही. दूधवाल्याचे माप, प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याने धुतलेली काचपात्रे, दुकानदाराने बांधलेली पुडी, सगळे मी दोनदा पाहू लागलो. आपण लबाडी केली की सगळे जग लबाडी करत असेल असे वाटू लागते, एवढेच त्याचे कारण असावे. मला ते तेव्हाही समजत होते. समजल्याने काही बदलले नाही.

यंदा वसाहतीच्या सभागृहात एक बैठक झाली. थंड पाण्याचे यंत्र, सभागृहातला फ्रिज आणि घरोघरचे फ्रिज यांची देखभाल एकाच कारागिराकडे सोपवावी, असा विचार होता. साडूने निरोप पाठवला होता की, हे काम मला द्या. दुकानात त्याला कामाची वानवा नव्हती. पण ज्या फाटकातून तो मान खाली घालून गेला होता, त्याच फाटकातून त्याला सगळ्यांच्या देखत परत यायचे होते. निरोप घेऊन आलेल्या माणसाला त्याने तसे बोलूनही दाखवले होते.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "त्या भाऊना हात बरा शे. पन मशीन बदली टाकस. मी उगाच नही सांगस, साहेबसनी सोता देखेल शे. इचारा साहेबले."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"जुनी गोष्ट आहे ती," मी म्हणालो. "आता कशाला?"

सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. साहेब किती समजूतदार, घरातल्या माणसाचे झाकून घेतात. मी उघड आरोप केला असता तर निदान कोणी पुरावा विचारला असता. या क्षमाशील वाक्याला कोणी काय विचारणार? निर्णय पुढच्या रविवारच्या बैठकीवर ढकलला गेला, पण तो काय होणार हे सगळ्यांना कळले होते. घरी परतताना मला जाणवले की, पूर्वी मी गप्प राहून एका माणसाचे नाव घालवले होते. आज बोलून घालवले.

त्या संध्याकाळी मी पत्नीला सगळे सांगितले. ती मेथी निवडत होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही, निवडणेही थांबवले नाही. शेवटची काडी खुडून म्हणाली, "मन्ही बहीणले मी खोटी पाडी. तुम्हना भरोसावर." मग देठ गोळा करून आत गेली. त्यापुढे ती आजपर्यंत त्याविषयी काही बोललेली नाही.

सकाळी टेम्पोत बारका फ्रिज घालून मी लोणखेड्याला गेलो. साडू दुकानासमोर एका कूलरची जाळी धूत होता. त्याचे केस कानांवर पांढरे झाले होते. त्याने आधी फ्रिज ओळखला, मग मला.

"या दादा. टिपका लायेल शे ना? नही तं लावा, मी थांबस."

मी फ्रिजचे दार उघडले, बर्फाच्या कप्प्यात कुरडयांखाली अंथरलेला कागद बाजूला केला आणि खिशातल्या किल्लीने तो पांढरा उंचवटा खरवडला. लांबी सुकून ठिसूळ झाली होती. खपली निघावी तशी निघाली. खाली ते भोक होते. इतके लहान, की मला स्वतःलाच नवल वाटले.

साडूने हात पुसले, वाकून पाहिले, त्यावर बोट ठेवले. "हाई काय शे, दादा?"

मी सांगितले. दुपार, बाटली, स्क्रूड्रायव्हर, लांबी, रंग. आत कोणी काही खुपसले नाही ना, हा त्याचा प्रश्न आणि माझे उत्तर. सांगताना मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तो ओरडेल का, मारेल का, याचाही अंदाज घेत होतो. शेवटपर्यंत सवय गेली नव्हती.

तो कूलरच्या उलट्या टोपावर बसला.

"एक बाटलीसाठे?" त्याने विचारले. मग तो हसू लागला, आणि हसता हसताच त्याचा चेहरा पडला. "दादा, माले वाटे उस्तादनी माले सडेल मशीन दिनं. मी त्याले भर बजारमा बोलनू. ज्यानी मन्हा हातमा हत्यार दिनं त्याले. म्हातारा काहीच नही बोलना. दुकान बंद करीसन पोरकडे सुरतले चालना गया." त्याने फ्रिजच्या दाराला हात लावला. "आते माले बी कोनाकडे तरी जानं पडी."

हे मला ठाऊक नव्हते. माझ्या खोट्याचे वजन मी आजवर एका माणसापुरते तोलत होतो. ते पुढे सरकून कुठे कुठे पोहोचले आहे, याची मला कल्पनाच नव्हती.

"झालेल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे," मी सुरुवात केली. "माझ्याकडून नकळत..."

"नकळत?" साडूने मला तोडले. "हाई मराठी माले नका सांगा, दादा. आन् माले एकलाले बी नका सांगा. टिपका माले एकलाले नही दिखना, आखी वसाहतले दिखना."

त्याचे म्हणणे खरे होते. त्या भाषेत मी आयुष्यभर अर्ज आणि अहवाल लिहिले आहेत. कोणाचाही दोष राहू नये असे वाक्य कसे बांधायचे, हे मला चांगले येते.

त्याने फ्रिज आत घेतला. मी बाहेरच्या निंबाखाली, दुकानाकडे पाठ करून उभा राहिलो. त्याच्यावर पाळत ठेवल्यासारखे होऊ नये म्हणून. आतून हाक आली.

"दादा, तथं काय करी ऱ्हायनात? खुर्ची शे ना. समोर बठा. सवय शे तुम्हले."

मी समोर बसलो. त्याने भोक पडलेला कप्पा काढून टाकला आणि त्या जागी तांब्याच्या नळीचा नवा विळखा बसवला. प्रत्येक सांधा झाळला की तो माझ्याकडे पाहायचा आणि म्हणायचा, "देखं ना?" मी म्हणायचो, "देखं." प्रत्येक वेळी ते उच्चारणे अधिक अवघड होत गेले. त्याने गॅस भरला. थोड्या वेळाने नळीवर दवासारखे पाणी जमले, मग पांढरी साय धरली. माझ्या मनात नकळत आले, टिकेल ना? आणि त्या प्रश्नाचीच मला लाज वाटली.

मी त्याला विनंती केली की, हा फ्रिज रविवारी बैठकीच्या वेळी तूच घेऊन ये. तो हत्यारे पुसायला लागला.

रविवारी उन्हे उतरल्यावर सभागृहात लोक जमले. पत्नी आईचा हात धरून आली आणि मागच्या रांगेत बसली. मी फाटकाकडे पाहत होतो. तो येणार नाही असे मला वाटू लागले होते. आणि, खरे लिहायचे तर, तो न आल्यास बरे होईल असेही. तेवढ्यात टेम्पो आला. साडूने फ्रिज सभागृहाच्या दारात उतरवला, दोरी सोडली, वायर आतल्या बोर्डात लावली. मशीन घुरघुरू लागले.

आईने डोळे बारीक करून पाहिले आणि मोठ्याने विचारले, "मन्हा थेंबना फ्रिज बरा व्हयना का रे?"

काही जण हसले. मी उठून दाराशी गेलो.

"आई, हाऊ थेंबना फ्रिज नही," मी म्हणालो. "बिअरना शे. मन्हा."

हसणे थांबले. शेजारच्या वहिनींनी पदर तोंडाला लावला. आई अजून फ्रिजकडेच पाहत होती. माझा आवाज नेहमीसारखा हळू होता, मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "ऐकू येत नही, साहेब." म्हणून मी तो चढवला. इतक्या मोठ्याने मी या सभागृहात कधी बोललो नव्हतो. साडू दोरीची गुंडाळी हातात घेऊन समोर उभा होता. मी त्याच्याकडे पाहिले, आणि या वेळी त्याच्या हातांकडे पाहिले नाही.

"भाऊ, या फ्रिजले भोक मी पाडेल शे. बाटली काढाना घाईमा मी स्क्रूड्रायव्हर खुपसा, आन् मंग लांबी लाईसन दपाडी ठेवं. तू इचारं, तव्हय मी खोटं बोलनू. पहिला टिपका बी मीच लाया. तू कोनंच मशीन बदलं नही. तुन्हा हात साफ व्हता, साफच शे. मन्हं चुकनं, भाऊ. आठे, या सगळासना समोर, माले माफ कर."